आपली ओळ, आपले शिवार: भाबड्या शैलीत घरे आणि गाव कसे रंगवावे

नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या घराचे चित्र काढायला सांगितले, तर कलाशाळेत शिकलेला माणूस आधी डोळ्यांच्या पातळीची रेषा आखतो, तिच्यावर एक बिंदू धरतो आणि घराच्या सगळ्या कडा त्या बिंदूकडे वळवतो. सात वर्षांचे मूल आधी दार काढते, कारण घरात दारातूनच जायचे असते. मग कवेलूंचे, म्हणजे मातीच्या कौलांचे, छप्पर येते, मग अंगणातली विहीर येते. ती वरून डोकावल्यावर दिसते तशी पूर्ण गोल असते आणि तिच्यावरचा रहाट मात्र समोरून पाहिल्यासारखा ताठ उभा असतो. विहीर गोल आहे हे मुलाला माहीत आहे, रहाट उभा आहे हेही माहीत आहे, आणि दोन्ही गोष्टी त्याला खऱ्या सांगायच्या आहेत. घरे, गावे आणि शिवार रंगवण्याची जी शैली जगभर ‘नाईव्ह’ या नावाने ओळखली जाते आणि जिला मी मराठीत भाबडी शैली म्हणते, तिचे मर्म या सांगण्यात आहे. एका जागी उभे राहून जे दिसते त्यापेक्षा त्या जागेबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते रंगवायचे. नागपुरात राहून, आपल्याच ओळीवर, म्हणजे गल्लीवर, आणि आपल्याच शिवारावर ही शैली कशी हाताळावी, ते पुढे लिहिले आहे.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केला पाहिजे. मुद्दाम वाकडे काढले आणि भडक रंग लावले की चित्र भाबडे होते, असे अनेकांना वाटते. अशी चित्रे लगेच ओळखू येतात, कारण त्यांतले घर वाकडे असते, पण त्या घरात कोण राहते, पाणी कुठून भरते, मांजर कुठे निजते हे चित्रकाराला ठाऊक नसते. ज्यांच्या कामामुळे या शैलीला मान मिळाला, त्यांनी वाकडे काढण्याचा खटाटोप कधी केला नाही. पॅरिसच्या जकातीत नोकरी करणारा आँरी रूसो (१८४४–१९१०) फ्रान्सबाहेर कधी गेला नाही. शहरातल्या वनस्पती उद्यानातली झाडे पाहून त्याने घनदाट जंगले रंगवली, आणि त्यांतले पान न् पान देवापुढे वात लावावी इतक्या निगुतीने रंगवले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरचा आल्फ्रेड वॉलिस (१८५५–१९४२) पत्नीच्या निधनानंतर, सत्तरीच्या सुमारास, पुठ्ठ्याच्या मिळेल त्या आकाराच्या तुकड्यांवर बोटींच्या रंगाने चित्रे काढू लागला. त्याचे बंदर आठवणीतले होते, आणि जी वस्तू त्याला महत्त्वाची वाटे ती तो मोठी काढी. अमेरिकेतली शेतकरीण ग्रँडमा मोझेस (१८६०–१९६१) हिला संधिवातामुळे भरतकाम जड जाऊ लागले, तेव्हा वयाच्या सत्तरीच्या उत्तरार्धात तिने ब्रश हाती घेतला. या तिघांच्याही चित्रांत कष्ट आणि माया काठोकाठ आहे, आणि आपल्याला त्यांच्याकडून घ्यायचे ते हेच.

आपल्याकडे वारली चित्रात तारपा या वाद्यावरच्या नाचाचे वर्तुळ वरून पाहिल्यासारखे असते आणि नाचणारी माणसे मात्र उभी दिसतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत ही किमया मन लावून पाहावी. जनगढसिंह श्याम यांच्यापासून पुढे आलेल्या गोंड-परधान चित्रांत प्राण्याचे अंग ठिपक्यांनी आणि रेघांनी कसे भरले जाते, हेही पाहण्यासारखे आहे. पाहावे, शिकावे, पण त्या आकृत्या उचलून आपल्या चित्रात ठेवू नयेत. त्या एका समाजाच्या विधींतून आणि कथांतून आलेल्या आहेत. भाबडे चित्र ही एकेका माणसाची स्वतःची गोष्ट असते, आणि तिच्यातल्या खुणा त्याच्या स्वतःच्या ओळीतूनच याव्या लागतात.

साहित्य

साहित्यावर फार खर्च करण्याचे कारण नाही. बारा बाय सोळा इंचांचा कॅनव्हास बोर्ड किंवा ३०० जीएसएमचा जाड कागद, अॅक्रिलिक रंग, एक अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश, चार आणि दोन नंबरचे गोल ब्रश आणि तारा, कुंपणे, दोऱ्या यांच्या रेघांसाठी एक लांब केसांचा बारीक ब्रश एवढे पुरते. रंगांत टायटेनियम व्हाइट, लेमन येलो, येलो ओकर, एक तांबडा, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि सॅप ग्रीन घ्यावेत. काळा घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन मिसळला की पहिल्या पावसाने भिजलेल्या आपल्या काळ्या मातीचा रंग तयार होतो. त्या रंगात ओल असते, ट्यूबमधल्या काळ्यात ती नसते. पांढरा सर्वांत आधी संपतो, म्हणून तो मोठा आणावा.

नागपूरच्या उन्हाळ्यासाठी एक जास्तीची तयारी करावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत अॅक्रिलिक ताटलीत काढल्यापासून काही मिनिटांत सायीसारखे धरते आणि मग वाया जाते. यावर उपाय असा: झाकणाच्या पसरट डब्यात सुती कापडाची ओली घडी अंथरावी, तिच्यावर बटर पेपर पसरावा आणि रंग त्यावर वाटाण्याएवढा काढावा. काम थांबवताना झाकण लावले, तर दुसऱ्या दिवशीही रंग वापरता येतो. कुलरच्या थेट झोतात बसू नये, कारण वाऱ्याने ब्रशवरचा रंगसुद्धा आटतो आणि उडालेल्या थेंबांचे डाग सपाट आकाशावर उमटतात. मी सकाळी सहा ते नऊ ही वेळ धरते, कारण तेव्हाचा उजेडही शांत असतो.

आधी फिरावे, मग आठवावे

सुरुवातीची चित्रे काढताना मी मोबाइलवरचा फोटो समोर ठेवत असे. फोटोत विजेचा खांब जेवढा स्पष्ट, तेवढेच आमच्या ओळीतले जुने लाकडी दारही स्पष्ट होते. मी दोन्ही सारख्याच इमानाने उतरवले, आणि चित्र पाहणाऱ्याला ते कुठले आहे हे शेवटपर्यंत कळले नाही. कॅमेऱ्याला कोणतीच वस्तू जवळची नसते. तेव्हापासून मी फोटो बंद केले आणि एक साधी रीत धरली, ती अशी.

जी ओळ रंगवायची आहे तिच्यातून तीन दिवस, तीन वेगळ्या वेळी, कागद-पेन्सिल न घेता चालावे. घरी येऊन जे आठवेल ते शब्दांत लिहावे: नीळ घातलेल्या चुन्याच्या भिंती किती, कवेलू अजून कोणत्या घरांवर आहेत, कुठे स्लॅब पडला आहे, ओसरीवर कोण बसलेले असते, तर्री-पोह्यांचा ठेला कोणत्या बाजूला लागतो, कुलर खिडकीला लोखंडी स्टँडवर आहे की विटा रचून उभा केला आहे. चौथ्या दिवशी ही यादी समोर ठेवून पेन्सिलीने छोटे कच्चे चित्र काढावे. तिन्ही दिवस जे आठवले ते चित्रात मोठे यावे, एकदाच आठवले ते लहान, आणि जे आठवलेच नाही ते सोडून द्यावे. भाबड्या चित्रातले प्रमाण असे ठरते. नागपुरातल्या मूर्तिकारांच्या चितार ओळीचे चित्र काढले, तर गणपतीच्या दिवसांत तिथल्या मूर्ती घरांच्या दारांपेक्षा उंच असायला काहीच हरकत नाही, कारण त्या दिवसांत ती ओळ मूर्तींचीच असते.

मांडणी

क्षितिज वर न्यावे. कागदाचा वरचा पाचवा हिस्सा आकाशाला आणि उरलेला सगळा जमिनीला दिला, की जमीन अंगणात वाळत घातलेल्या गोधडीसारखी पाहणाऱ्यासमोर उभी राहते, आणि मागचे घर पुढच्या घराआड दडण्याऐवजी त्याच्या वर जाऊन बसते. मग कोणालाही झाकावे लागत नाही. दूरची घरे थोडी लहान केली तर चालते, पण त्यांच्या खिडक्या, दारे आणि रंग जवळच्या घरांइतकेच ठसठशीत ठेवावेत. दूरचे धूसर करायचे हा नियम इथे लागू नाही. घराची समोरची भिंत सरळ काढावी आणि आठवणीत बाजूची भिंतही असेल, तर ती दुमडलेला कागद उघडावा तशी शेजारी लावावी. भिंती थोड्या कलल्या तर कलू द्याव्यात, पण पट्टीने आखून मग कलवू नयेत. हात मोकळा ठेवून एका दमात रेघ ओढली, की ती आपोआप जिवंत येते.

रस्ता हा अशा चित्राचा कणा असतो. तो खालच्या कडेपासून निघावा, दोन-तीन वळणे घ्यावीत आणि वर शिवारात किंवा टेकडीआड जावा. पाहणाऱ्याचे डोळे त्यावरून चालतात, म्हणून प्रत्येक वळणावर काहीतरी भेटले पाहिजे: हातपंप, चिंचेचे झाड, कापसाची गाडी.

एका ओळीपेक्षा सबंध नागपूर रंगवण्याची इच्छा असेल, तर मध्ये सीताबर्डीची टेकडी आणि किल्ला घ्यावा, टेकडीच्या पूर्वेने रेल्वेचे रूळ वरून खाली न्यावेत, रुळांपलीकडे महाल आणि इतवारीची दाट घरे भरावीत, त्यांच्याजवळ शुक्रवारी तलाव ठेवावा, आणि पश्चिमेकडे अंबाझरी व फुटाळा या दोन निळ्या जागा मोकळ्या ठेवाव्यात. झिरो माइल या जुन्या स्तंभाजवळच्या घोड्यांच्या पुतळ्यांना किल्ल्याएवढे मोठे करण्याचा मोह मला प्रत्येक वेळी होतो, आणि मी तो आवरत नाही. रामटेक इथून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, तरी कागदाच्या अगदी वरच्या कडेला गडावरची पांढरी देवळे यावीत, कारण आपल्या मनातल्या नागपूरच्या क्षितिजावर ती असतातच. मात्र ऋतू एकच ठेवावा. पळस फुलला असेल तर शेताच्या बांधावर तो फुलावा, आणि बागेत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, संत्री असावीत. ही दोन्ही फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एकत्र दिसतात. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरच्या फुलोऱ्याची, संत्री रंगवायची तर दिवाळीच्या सुमाराचे चित्र करावे, म्हणजे शेजारच्या शेतात कापूस फुटलेला घेता येतो. जागांची सरमिसळ चित्राला सोसते, ऋतूंची सरमिसळ केली की त्यातली हवा हरवते.

रंगाचे हात

बोर्डावर आधी येलो ओकर आणि पांढरा मिसळून पातळ हात द्यावा. कोऱ्या पांढऱ्यावर काम केले, तर राहिलेल्या फटी डोळ्यांना खुपतात, आणि ओकरवर केले तर त्याच फटी संध्याकाळच्या उन्हासारख्या दिसतात. क्रम वरून खाली ठेवावा. ग्रँडमा मोझेसही आधी आकाश, मग डोंगर, मग झाडे, मग घरे, मग गुरे आणि शेवटी माणसे अशी उतरत येई. रंग सपाट भरावा, त्याला सावली-उजेड देऊ नये, घराची जमिनीवर पडणारी सावलीही टाळावी. प्रत्येक रंगात थोडा पांढरा घातला, की शेजारचे रंग एकमेकांशी भांडत नाहीत. निळीच्या भिंतीसाठी भरपूर पांढऱ्यात नखभर अल्ट्रामरीन आणि त्याहून कमी बर्न्ट सिएना घालावा. नुसता निळा-पांढरा प्लास्टिकसारखा दिसतो, सिएनाने त्यात चुन्याचा जुनेपणा येतो. एका जागी वापरलेला रंग चित्रात आणखी दोन ठिकाणी यावा. दाराचा हिरवा एखाद्या लुगड्यात आणि एखाद्या पोपटात आला, तर चित्र बांधून निघते.

आता कवेलूंचे छप्पर थोडे जवळून पाहू, कारण नागपूर आणि विदर्भातल्या जुन्या घरांचे चित्र याच कामावर उभे राहते किंवा पडते. पूर्ण पाखे, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, आधी गडद तपकिरी रंगाने, म्हणजे बर्न्ट सिएनात किंचित अल्ट्रामरीन मिसळून, भरावे आणि वाळू द्यावे. हा रंग पुढे कवेलूंमधल्या फटींतला अंधार होतो. मग चार नंबरचा गोल ब्रश घेऊन त्याच्या एका अंगाला बर्न्ट सिएना आणि दुसऱ्या अंगाला येलो ओकर व तांबड्याचे मिश्रण घ्यावे. सुरुवात वळचणीपासून करावी. ब्रश टेकवून दाबला की खाली गोल कड उमटते, तसाच किंचित वर ओढून उचलला की शेपूट राहते: हे झाले एक कवेलू. त्याच्या शेजारी दुसरे, असे करत ओळ पुरी करावी. वरच्या ओळीतल्या कवेलूची गोल कड खालच्या ओळीच्या शेपटांवर चढवावी, आणि असे आढ्यापर्यंत जावे. घर शाकारणारे कारागीरही याच दिशेने जातात, कारण वरचे कवेलू खालच्यावर चढले तरच पाणी वळचणीला ओघळते. ब्रशमध्ये दोन रंग असल्यामुळे प्रत्येक कवेलू थोडे वेगळे उमटते. मध्येच एखादे काळपट, एखादे कोरे नारिंगी ठेवावे, म्हणजे मागच्या पावसाळ्यात माकडांनी फोडलेली दोन कवेलू कोणीतरी बदलल्याचे कळते. एका पाख्याला तासभर लागतो. त्या तासात घाई केली, तर छपराची नुसती जाळी होते.

झाडांचेही असेच आहे. कडुनिंब रंगवताना पूर्ण घेर सॅप ग्रीन आणि बर्न्ट अंबरच्या गडद हिरव्याने भरू नये. अधूनमधून आकाशाचे तुकडे सोडावेत, मग मध्यम हिरव्याची टिंबे द्यावीत आणि शेवटी लेमन येलो घातलेल्या फिक्या हिरव्याची पाने दोन नंबरच्या ब्रशने एकेक करून ठेवावीत. संत्र्याचे झाड याच्या उलट गच्च आणि गोल असते, त्यात आकाश दिसत नाही. फळे नारिंगी रंगाने एकदम देऊ नयेत. आधी पांढरे ठिपके द्यावेत आणि ते वाळल्यावर त्यांवर नारिंगी चढवावा, म्हणजे गडद पानांतूनही फळ उजळ दिसते. कापसाच्या शेतात मात्र नुसते पांढरे ठिपके पुरतात.

माणसे आणि बारकावे

माणसे सर्वांत शेवटी आणि लहान काढावीत, चेहऱ्यांच्या मागे लागू नये. कोण कसा चालतो यावरून माणूस ओळखू येतो: डोक्यावर टोपली असलेली बाई मान ताठ ठेवते, सायकलवरून दुधाचे कॅन नेणारा पुढे झुकतो. प्रत्येकाला काहीतरी काम द्यावे. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे मुलांच्या पोळ्याचे, चित्र असेल, तर मुलांच्या हातांत दोऱ्या आणि मागे चाकांचे लाकडी बैल हवेतच. त्या बैलांकडे नीट पाहिले तर ध्यानात येते, की आपल्या सुतारांना ही शैली फार आधीपासून साधलेली आहे: चार सरळ पाय, एक गोल वशिंड, दोन टपोरे डोळे, आणि बैल पुरा झाला. मारबतीच्या मिरवणुकीचे चित्र काढायचे असेल, तर काळी आणि पिवळी मारबत हे मिरवले जाणारे पुतळे घरांच्या छपरांपेक्षा उंच घ्यावेत आणि गर्दी नुसत्या रंगीत टिंबांची करावी.

बारकावे कुठे थांबवायचे हे ठरवणे अवघड असते. माझा अनुभव असा, की प्रत्येक घराला एकच खास खूण द्यावी, एकाला कुलर, दुसऱ्याला तुळशीवृंदावन, तिसऱ्याला वाळत घातलेली गोधडी, आणि दोन घरांच्या मध्ये थोडी सपाट मोकळी जागा सोडावी. ती जागा भरून टाकण्याची इच्छा झाली, की ब्रश धुवून ठेवावा.

चित्र टिकवणे

अॅक्रिलिक वाळले तरी उन्हाच्या तापाने ते मऊ पडते, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. महालातल्या एका ओळीचे चित्र मी फ्रेम करायला दिले होते. करणाऱ्याने काच थेट रंगावर बसवली, आणि मीही तपासले नाही. ते चित्र पश्चिमेच्या भिंतीवर टांगले. जूनमध्ये फ्रेम उघडली तेव्हा रंग काचेला धरला होता, आणि काच उचलताना दोन घरांची छपरे तिच्याबरोबर निघून आली. ती कवेलू मी पुन्हा रंगवली, पण पहिल्यासारखी झाली नाहीत. म्हणून कागदावरच्या चित्राला काच लावायची असेल, तर मध्ये जाड माउंट बोर्डाची चौकट घालून काच रंगापासून दूर ठेवायला सांगावे, आणि घेताना बाजूने डोकावून खात्री करावी. बोर्डावरच्या चित्राला काचेऐवजी मॅट वार्निशचे दोन पातळ हात पुरतात. ते रंगकाम संपल्यावर आठवडाभराने, कोरड्या हवेत द्यावेत. पावसाळ्यात दिले तर पांढुरकी झाक येते. पावसाळ्यात कागदावरची चित्रे भिंतीला टेकवून ठेवू नयेत, बुरशी मागूनच चढते.

चित्राच्या मागे पेन्सिलीने ओळीचे नाव, महिना आणि वर्ष लिहावे. त्याखाली चित्रात आलेल्या घरांची ओळीत ज्या नावाने ओळख आहे ती नावे, डावीकडून उजवीकडे, क्रमाने लिहावीत, आणि त्यांपैकी जे घर आता उभे नाही त्याच्यापुढे तशी नोंद करावी.